घरासाठी दिवा कोणता निवडावा?

शेतकरी बैल घेतो तेव्हा त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. बियाणे घेतो तेव्हा पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचतो आणि उगवणशक्तीची चौकशी करतो. परंतु घरासाठी विजेचा दिवा घ्यावयाचा झाल्यास दुकानदाराने हाती दिलेला दिवा तो निमूटपणे घेऊन येतो. दिवा ही क्षुल्लक वस्तू आहे, त्यात निवडावयाचे ते काय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः दिव्याची किंमत आपण एकदाच देतो, पण त्याने खाल्लेल्या विजेची किंमत दरमहा देत राहतो. निवड चुकल्यास शंभर रुपयांच्या आतील ही वस्तू वर्षाकाठी स्वतःच्या किमतीच्या कित्येक पट रक्कम घरातून बाहेर नेते. यास्तव दिव्याची निवड कशी करावी, कोणत्या जागी कोणता दिवा लावावा आणि खर्चाचा हिशेब कसा मांडावा, याचा विचार या लेखात केला आहे.

हा विचार करताना अहिल्यानगरजवळील केडगावचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले आहे. जिल्ह्याचे व शहराचे नाव अहमदनगर होते, ते २०२४ साली बदलून अहिल्यानगर झाले. पुणे रस्त्यावरील केडगाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे ते परिचित आहे. एकीकडे नव्या वसाहती व दुकाने, तर दुसरीकडे मळे, गोठे आणि जवळच नेप्तीचा कांद्याचा उपबाजार, असे या भागाचे संमिश्र स्वरूप आहे. अशा गावातील शेतकऱ्याच्या घरी ओसरी, स्वयंपाकघर, मुलांची अभ्यासाची खोली, अंगण आणि गोठा या सर्वांचा उजेड बहुधा एकाच घरगुती मीटरवर चालतो. म्हणून येथे सांगितलेला हिशेब जिल्ह्यातील इतर गावांनाही सहज लागू पडेल.

दिव्यांचे प्रकार

पहिला प्रकार तारेच्या बल्बचा. काचेच्या फुग्यातील बारीक तार विजेने तापून पांढरी होते आणि प्रकाश देते. एडिसनने १८७९ साली व्यवहारात उपयोगी पडेल असा बल्ब तयार केला, त्याचेच हे सुधारलेले रूप होय. या बल्बने घेतलेल्या विजेपैकी सुमारे पाच टक्केच वीज प्रकाशाच्या रूपाने मिळते, बाकीची उष्णता होऊन जाते. पेटलेल्या बल्बला हात लावता येत नाही, याचे कारण हेच. त्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांचे असते.

दुसरा प्रकार नळीच्या दिव्याचा, म्हणजे ट्यूबलाइट आणि तिचेच आटोपशीर रूप असलेला सीएफएल. यात नळीतील पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते आणि नळीच्या आतील लेप प्रकाशतो. तारेच्या बल्बच्या मानाने यास बरीच कमी वीज लागते. मात्र जुन्या ट्यूबलाइटचा तांब्याचा चोक स्वतःही वीज खातो. ३६ वॉटची नळी चोकसह ५० वॉटच्या आसपास वीज घेते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते.

तिसरा प्रकार एलईडी दिव्याचा. यात तापणारी तार नाही व पाराही नाही. अर्धवाहक पदार्थाच्या लहान तुकड्यातून वीज गेली म्हणजे तो थेट प्रकाश देतो. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम तुकडा तयार करणे हे फार अवघड काम होते. ते साधल्यानंतरच पांढरा उजेड देणारे एलईडी दिवे शक्य झाले, आणि या कार्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चांगल्या एलईडी दिव्याचे आयुष्य २५,००० तासांपर्यंत सांगितले जाते.

आपल्या देशात हा दिवा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो गेल्या दहाबारा वर्षांत. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने ‘उजाला’ या नावाने परिचित झालेली योजना सुरू केली. सरकारी उपक्रमातील एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने एकगठ्ठा खरेदी केल्यामुळे, जानेवारी २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांस पडणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांस खरेदी होऊ लागला. या योजनेतून देशभरात ३६ कोटींहून अधिक दिवे लोकांपर्यंत पोचले. मार्च २०२१ मध्ये खास खेड्यांसाठी ‘ग्राम उजाला’ योजना निघाली. जुना तारेचा बल्ब परत द्यावा आणि १० रुपयांस एलईडी दिवा न्यावा, अशी तिची पद्धत होती. पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या भागांत आपल्या राज्यातील नागपूरचा समावेश होता.

तात्पर्य, एलईडी दिवा आता दुर्मिळ राहिलेला नाही. तथापि दोन अडचणी शिल्लक आहेत. बैठकीच्या खोलीत एलईडी आला तरी गोठ्यात, अंगणात व मागील दारी जुनेच बल्ब जळत राहतात. आणि एलईडीच्या नावाखाली कोणतीही खूण नसलेला, थोड्याच महिन्यांत बंद पडणारा मालही बाजारात खपतो.

वॉट नव्हे, उजेड मोजावा

‘साठचा बल्ब द्या, शंभरचा द्या,’ अशी दुकानात मागणी करण्याची आपली जुनी सवय आहे. साठ किंवा शंभर ही संख्या वॉटची, म्हणजे दिवा किती वीज घेतो याची आहे. तो उजेड किती देतो, हे तीवरून कळत नाही. शेतकऱ्यास हे पंपाच्या उदाहरणाने चटकन पटेल. पंप किती अश्वशक्तीचा आहे एवढ्यावर पाणी किती पडेल हे ठरत नाही. चांगला पंप कमी शक्तीत अधिक पाणी देतो, तर झिजलेला पंप वीज घेऊनही पाणी देत नाही. पंपाचे पाणी जसे लिटरमध्ये मोजतात, तसा दिव्याचा उजेड ल्युमेन या मापाने मोजतात.

६० वॉटचा तारेचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन उजेड देतो. ९ वॉटचा चांगला एलईडी दिवा सुमारे ९०० ल्युमेन देतो. म्हणजे एका वॉटमागे बल्बकडून बारा ल्युमेनच्या आसपास आणि एलईडीकडून सुमारे शंभर ल्युमेन उजेड मिळतो. म्हणून दिवा घेताना वेष्टनावर ल्युमेनची संख्या पहावी आणि तिला वॉटने भागावे. भागाकार जितका मोठा तितका दिवा काटकसरीचा. दोन दिवे ९ वॉटचेच असले, तरी एक ९०० ल्युमेनचा व दुसरा ७०० ल्युमेनचा असू शकतो. दोघांचे वीजबिल सारखेच येईल, उजेड मात्र सारखा मिळणार नाही.

खर्चाचा हिशेब

१,००० वॉटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. दिव्याचे वॉट, रोजचे तास आणि महिन्याचे ३० दिवस यांचा गुणाकार करून त्यास १,००० ने भागले की महिन्याची युनिटे निघतात. सातवी-आठवीतील मुलगा किंवा मुलगी हा हिशेब घरी सहज करून देऊ शकेल.

नमुन्यादाखल एक शेतकरी घर घेऊ. त्यातील दिव्यांचा महिन्याचा खर्च पुढीलप्रमाणे येईल :

१. ओसरी : ६० वॉटचा बल्ब, रोज ५ तास, ९ युनिटे. त्याऐवजी ९ वॉटचा एलईडी, १.३५ युनिटे.

२. स्वयंपाकघर : ६० वॉटचा बल्ब, रोज ४ तास, ७.२ युनिटे. त्याऐवजी ९ वॉटचा एलईडी, १.०८ युनिटे.

३. अभ्यासाची खोली : चोकसह ५० वॉटची ट्यूबलाइट, रोज ५ तास, ७.५ युनिटे. त्याऐवजी २० वॉटची एलईडी नळी, ३ युनिटे.

४. गोठा : ६० वॉटचा बल्ब, सकाळ-संध्याकाळ मिळून ३ तास, ५.४ युनिटे. त्याऐवजी ९ वॉटचा एलईडी, ०.८१ युनिट.

५. अंगण : ४० वॉटचा बल्ब, रात्रभर १० तास, १२ युनिटे. त्याऐवजी ५ वॉटचा एलईडी, १.५ युनिटे.

६. देवघर किंवा निजण्याची खोली : ‘शून्याचा’ बल्ब, १० तास, ४.५ युनिटे. त्याऐवजी अर्ध्या वॉटचा एलईडी, ०.१५ युनिट.

जुन्या दिव्यांची बेरीज ४५.६ युनिटे आणि नव्यांची सुमारे ७.९ युनिटे होते. म्हणजे दरमहा ३७.७ युनिटांची बचत होते. एका युनिटास हिशेबापुरते ८ रुपये धरले, तर महिन्यास सुमारे ३०० रुपये आणि वर्षास सुमारे ३,६०० रुपये घरात राहतात. ९ वॉटचा दिवा १०० रुपये, नळी २५० रुपये, ५ वॉटचा दिवा ८० रुपये व रात्रीचा लहान दिवा ३० रुपये अशा किमती धरल्यास सर्व दिवे बदलण्यास ६६० रुपये लागतील. ती रक्कम सुमारे सव्वादोन महिन्यांत वसूल होते. आपल्या गावातील किमती निराळ्या असतील, तर त्या घालून हिशेब पुन्हा मांडावा.

या यादीवरून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सर्वांत अधिक वीज अंगणातील ४० वॉटच्या बल्बने खाल्ली आहे, कारण तो रात्रभर जळतो. यास्तव सर्व दिवे एकदम बदलण्याइतके पैसे हाताशी नसतील, तर जो तारेचा बल्ब अधिक तास जळतो तो प्रथम बदलावा. न्हाणीघरातील बल्ब रोज अर्धाच तास लागत असल्यास तो शेवटी बदलला तरी चालेल.

दुसरी गोष्ट ‘शून्याच्या’ बल्बची. शून्य म्हटल्याने तो वीज घेत नाही, असा समज खेडोपाडी रूढ आहे. हा लहान बल्ब प्रत्यक्षात १५ वॉटच्या आसपास वीज घेतो. जुन्या चकतीच्या मीटरवर इतका अल्प वापर नीटसा उमटत नसे, त्यामुळे हा समज टिकून राहिला. आजचा इलेक्ट्रॉनिक मीटर त्याचीही नोंद घेतो.

तिसरी गोष्ट अशी की, चालू स्थितीतील ट्यूबलाइट घाईने काढून टाकण्याची निकड नाही. वरील उदाहरणात तिच्या बदलाने ४.५ युनिटे वाचतात आणि २५० रुपये वसूल होण्यास सुमारे सात महिने लागतात. ती निकामी झाली म्हणजे मात्र नवा चोक व नवी नळी न घेता एलईडी नळीच घ्यावी.

बिलावरील टप्पे समजून घ्यावेत

महावितरणच्या घरगुती दरपत्रकात महिन्याच्या वापराचे टप्पे आहेत. पहिल्या १०० युनिटांस एक दर, १०१ ते ३०० युनिटांस त्याहून बराच अधिक दर, आणि पुढे ३०० व ५०० युनिटांवर आणखी चढे दर आहेत. म्हणून बचत केलेले युनिट हे नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातील असते. ज्या घराचा वापर १३० युनिटे आहे, त्याने ३७ युनिटे वाचविली तर वरच्या दराची ३० युनिटे पूर्णपणे टळतात. अशा घरास दिवे बदलण्याचा लाभ अधिक होतो.

आपल्यास एक युनिट कितीस पडते, हे बिलावरून काढता येते. स्थिर आकार वापर कमी झाला तरी सहसा तेवढाच राहतो, म्हणून तो हिशेबातून वगळावा. वीज आकार आणि वहन आकार यांचे आपल्या वरच्या टप्प्याचे दर एकत्र करावेत आणि त्यांवर विद्युत शुल्क धरावे. जो आकडा येईल तीच वाचलेल्या युनिटाची खरी किंमत होय.

खरेदी करताना काय पहावे

प्रथम भारतीय मानक ब्यूरोची खूण पहावी. एलईडी दिव्यावर आयएस १६१०२ हा मानक क्रमांक व ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. हा क्रमांक नसलेला दिवा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

त्यानंतर ऊर्जा दक्षता ब्यूरोची तारांकित चिठ्ठी पहावी. हा ब्यूरो मार्च २००२ मध्ये स्थापन झाला आणि एलईडी दिव्यांस त्याची चिठ्ठी १ जानेवारी २०१८ पासून सक्तीची झाली. जितके तारे अधिक तितका एका वॉटमागे उजेड अधिक.

आपल्या भागात विजेचा दाब कमीअधिक होतो. सायंकाळी तो उतरतो, आणि पंप बंद झाले की एकाएकी चढतो. म्हणून वेष्टनावर दाबाची मर्यादा पहावी. २२० ते २४० व्होल्ट एवढीच मर्यादा असलेल्या दिव्यापेक्षा १०० ते ३०० व्होल्ट अशी रुंद मर्यादा असलेला दिवा खेड्यात अधिक टिकतो. काही दिव्यांवर विजेच्या झटक्यापासून संरक्षण किती किलोव्होल्टपर्यंत आहे तेही छापलेले असते. किमतीत थोडाच फरक असेल तर अधिक संरक्षणाचा दिवा घ्यावा.

एलईडी दिवा बिघडतो तो बहुधा प्रकाश देणाऱ्या तुकड्यामुळे नव्हे, तर बुडाशी असलेल्या विद्युत मंडलामुळे. उष्णता हा त्याचा मुख्य शत्रू होय. यास्तव एलईडी दिवा हवा न खेळणाऱ्या लहान, बंद हंडीत बसवू नये.

दुकानातच दिवा लावून पहावा. मोबाइलचा कॅमेरा दिव्याजवळ धरल्यावर पडद्यावर काळे पट्टे ठळकपणे सरकताना दिसले, तर त्या दिव्याचा उजेड वेगाने कमीजास्त होत आहे असे समजावे. साध्या डोळ्यांस हे जाणवत नाही, परंतु अशा उजेडात दीर्घकाळ वाचल्यास काहींचे डोके दुखते. शेवटी पक्की पावती घ्यावी व हमीची मुदत तीवर लिहून घ्यावी. पावती नसेल तर हमीचा उपयोग नाही.

कोणत्या जागी कोणता दिवा?

वेष्टनावर केल्विन या मापाने उजेडाचा रंग दिलेला असतो. २,७०० ते ३,००० केल्विनचा उजेड पिवळसर असतो व ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा असतो. दोहोंची वीज जवळजवळ सारखीच, उपयोग मात्र वेगळा.

अभ्यासाच्या जागी पांढरा उजेड सोयीचा पडतो. तेथे अधिक वॉटचा दिवा घेण्याआधी दिव्याची उंची पहावी. वहीपासून तीन मीटर उंच टांगलेला दिवा दीड मीटरवर आणला तर त्याच्या बरोबर खाली सुमारे चौपट उजेड पडतो. उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या हाताची सावली वहीवर पडत नाही. भिंतीस पांढरा चुना दिल्यानेही उजेड वाढतो. चुलीच्या धुराने काळा झालेला दिवा निम्मा उजेड स्वतःपाशीच ठेवतो. नवरात्र-दिवाळीपूर्वी घर झाडण्याच्या वेळी सर्व दिवे, बटणे बंद करून व ते थंड झाल्यावर, कोरड्या कापडाने पुसण्याचा परिपाठ ठेवावा.

निजण्याच्या खोलीत व अंगणात पिवळसर दिवा बरा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे अधिक आकृष्ट होतात, पिवळसर उजेडाकडे कमी. पावसाळ्याच्या आरंभी स्वयंपाकघराच्या दाराशी पिवळसर दिवा असला तर अन्नात पडणाऱ्या किड्यांचा उपद्रव बराच कमी होतो.

याच गुणाचा उलट उपयोग शेतात होतो. पहिल्या वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमतात. त्यांना गोळा करण्यासाठी प्रकाश सापळे लावतात. सापळ्यास किड्यांना ओढणारा निळसर किंवा अतिनील प्रकाशाचा दिवा लागतो, घरातील पिवळसर दिवा त्या कामाचा नाही. आपल्या जिल्ह्यातील ऊस उत्पादकांना हुमणीची ओळख वेगळी करून द्यावयास नको. सापळ्यांविषयी अधिक मार्गदर्शन राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडून घ्यावे.

गोठ्यात पहाटेच्या व सायंकाळच्या धारेच्या वेळी भरपूर पांढरा उजेड असावा. कासेची सूज, सडावरील चीर आणि पहिल्या धारेतील गाठी वेळेवर दिसल्या तर स्तनदाहावर लवकर उपचार करता येतात. काटकसर म्हणून गोठ्यात मिणमिणता दिवा ठेवणे अंती महाग पडते. गोठ्यातील दमट हवा, धूळ व शेणमुताच्या वाफा यांनी साधा होल्डर लवकर गंजतो, म्हणून पाणी व धूळ आत न शिरणारी, ‘आयपी ६५’ अशी खूण असलेली जोडणी घ्यावी. गोठा, कांद्याची चाळ आणि वैरणीचा ढीग या वाटेवर रात्री उजेड नसेल तर साप-विंचवावर पाय पडण्याची भीती राहते. ५ वॉटचा दिवा रात्रभर जळला तरी महिन्यास दीड युनिटच लागते. तेवढी काटकसर या ठिकाणी करू नये, आणि अंधारात जाताना हाती विजेरी घ्यावी.

एका जागी मात्र एलईडी चालत नाही. कोंबडीची लहान पिले उबविण्यासाठी टोपलीखाली तारेचा बल्ब लावतात, तो उजेडासाठी नसून उबेसाठी असतो. एलईडी तशी ऊब देत नाही. तेथे तो लावल्यास पिले गारठून दगावतील.

जोडणीतील दोष ओळखावा

एलईडी दिवा लावल्यानंतर काही घरांत असे दिसते की, बटण बंद केले तरी दिवा मंद प्रकाशत राहतो. ‘दिवा खराब निघाला’ असे म्हणून तो परत केला जातो. बटणावर लहान निदर्शक दिवा असला तर असे होऊ शकते व ते निरुपद्रवी असते. परंतु अनेकदा त्याचे कारण निराळे असते. बटण फेजच्या तारेवर बसविण्याऐवजी चुकून न्यूट्रलवर बसविलेले असते. अशा जोडणीत बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज जिवंत राहते. ओल्या हाताने दिवा बदलणाऱ्यास तेथे प्राणघातक धक्का बसू शकतो. जुना तारेचा बल्ब हा दोष उघड करीत नसे, एलईडी तो दाखवून देतो. असे दिसताच परवानाधारक वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी. त्याच वेळी भूमिसंपर्काची तार आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण यांचीही पाहणी करून घ्यावी. गोठ्यास व अंगणास उघड्या किंवा जोड दिलेल्या तारेने वीज नेऊ नये, आणि शेतीपंपाच्या जोडणीवरून घरातील दिवे लावू नयेत. तसे करणे नियमबाह्य असून धोक्याचेही आहे.

निकामी झालेली ट्यूबलाइट वा सीएफएल फोडू नये, कारण तिच्यात पारा असतो. ती फुटल्यास मुलांना दूर करावे, दारे-खिडक्या उघडून काही वेळ खोली मोकळी ठेवावी आणि मग तुकडे जाड कागदाने गोळा करून बंद डब्यात भरावेत. केरसुणी लावू नये व उघड्या हाताने तुकडे उचलू नयेत. असे दिवे उकिरड्यावर मुळीच टाकू नयेत, कारण उकिरड्याचे खत शेतात जाते. निरुपयोगी एलईडी दिवेही नेहमीच्या कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या संकलनात द्यावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयावर भाषण करण्यापेक्षा एक प्रात्यक्षिक दाखविणे अधिक परिणामकारक ठरेल. त्यास एक ६० वॉटचा बल्ब, एक ९ वॉटचा एलईडी दिवा आणि घड्याळ एवढेच साहित्य लागते. ज्या घरी इलेक्ट्रॉनिक मीटर आहे तेथे पाचदहा शेतकऱ्यांना जमवावे. मीटरवर एका युनिटास किती लुकलुक होतात ती संख्या छापलेली असते. ती ३,२०० आहे असे धरू. घरातील सर्व उपकरणे बंद करून फक्त तारेचा बल्ब लावावा आणि मीटरवरील लाल दिव्याची लुकलुक दहा मिनिटे मोजावी. ती सुमारे ३२ भरेल. नंतर बल्ब काढून एलईडी लावावा व तेवढाच वेळ मोजावे. या वेळी ती पाचच्या आसपास भरेल. उजेड दोन्ही वेळी जवळपास सारखाच दिसल्यामुळे फरक पाहणाऱ्यांच्या मनावर ठसतो, आणि आपल्या मीटरवरील आकडा कसा धावतो याचे कोडेही उलगडते.

प्रात्यक्षिकानंतर प्रत्येक घराने आपल्या दिव्यांची यादी करावी : जागा, वॉट, रोजचे तास. हे काम घरातील स्त्रियांकडे व शाळकरी मुलांकडे द्यावे, कारण कोणता दिवा किती वेळ जळतो हे त्यांना अधिक नेमके ठाऊक असते. यादीतील पहिले दोन-तीन दिवे कोणते बदलावयाचे ते ठरवून द्यावे आणि दोन महिन्यांनी आधीचे व नंतरचे बिल शेजारी ठेवून पहावे. शाळा, अंगणवाडी व मंदिर येथील दिव्यांचीही अशीच यादी करता येईल. बचत गटातील भगिनींनी एकत्र खरेदी केल्यास भाव कमी करून मिळण्याचा व पक्की पावती मिळण्याचा लाभ होतो.

एक इशारा मात्र आवर्जून द्यावा. दिवा कमी विजेचा आहे म्हणून तो दिवसाही जळत ठेवला, किंवा एकाच्या जागी चार लावले, तर झालेली बचत हातची निघून जाते. खोली सोडताना बटण बंद करण्याची सवय एलईडी आल्यावरही तितकीच आवश्यक आहे. दिव्यांचे काम संपल्यावर पंख्यांकडे वळावे. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, तर नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो. छताच्या पंख्यांनाही जानेवारी २०२३ पासून तारांकित चिठ्ठी सक्तीची झाली आहे.

वर्षाकाठी ३,६०० रुपये ही रक्कम शहरातील श्रीमंतास लहान वाटेल. परंतु अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरी तेवढ्यात मुलांच्या वह्या-पुस्तकांची किंवा घरच्या बियाण्याची मोठी गरज भागते, आणि ती दरवर्षी भागते. त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही, कोणाकडे अर्ज करावा लागत नाही आणि पावसाची वाटही पहावी लागत नाही. तरी शेतकरी बंधू-भगिनींनी आज सायंकाळी दिवेलागणीच्या वेळी घरातील, अंगणातील व गोठ्यातील प्रत्येक दिव्यापाशी जाऊन त्यावरील वॉटचा आकडा वाचावा, तो वहीत टिपावा, आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्यापासून बदलास आरंभ करावा.